नवऱ्याला हिपॅटायटिस सी, आणि आम्हाला बाळ हवंय

माझा नवरा मालवणात ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. मंडळाच्या रक्तदान शिबिरात त्याने रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, पुन्हा तपासायला या. हिपॅटायटिस सी निघाला, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण. लहानपणी मोठ्या ऑपरेशनच्या वेळी त्याला रक्त चढवलं होतं, तेव्हाच लागण झाली असावी असं डॉक्टर म्हणाले. हा विषाणू सापडलाच १९८९ साली, आणि दात्याचं रक्त त्यासाठी सक्तीने तपासायला आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं गेली.

आमचे बाळासाठी प्रयत्न आधीपासूनच चालू होते. "काय गो, काय विशेष?" हे मासळी बाजारापासून हळदीकुंकवापर्यंत मलाच विचारलं जायचं, त्याला कधीच नाही. आजार त्याचा निघाला, तरी नवस बोलायला मलाच सांगण्यात आलं.

माझी तपासणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. हा आजार रक्तातून रक्तात जातो, नवरा-बायकोच्या संबंधातून लागण होणं फार दुर्मीळ. आईला असेल तर बाळाला होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा, म्हणून बाईने आधी उपचार घ्यावेत आणि मग दिवस राहू द्यावेत. वडिलांकडून गर्भाला थेट जात नाही. हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

मग औषधाचा विषय. या आजारात काहींना रिबाविरिन नावाचं औषधही देतात. त्याने गर्भात व्यंग येऊ शकतं, आणि ते नवरा घेत असला तरी गोळ्या संपल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. माझ्यासारख्या कुणी हे वाचत असाल तर पहिल्याच भेटीत विचारा, यात रिबाविरिन आहे का? माझ्या नवऱ्याच्या लिव्हरला सिरॉसिस नव्हता, म्हणजे ते व्रण पडून कडक झालेलं नव्हतं, त्यामुळे ते औषध लागलं नाही. त्याला सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम अशा गोळ्या दिल्या, रोज एकेक, १२ आठवडे. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात. रिबाविरिन नसलं तरीही आमच्या डॉक्टरांनी कोर्स संपेपर्यंत थांबायला सांगितलं आणि आम्ही थांबलो.

गोळ्या बोटीवर जायच्या. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, केबिनमध्ये जीपीएसच्या मागे खोचलेला. रात्रीचं जेवण झालं की खलाशी हाक मारायचा, "तांडेलानु, गोळी!" बंदरात आला की रिकामी पाकिटं माझ्या हातात द्यायचा. एकही गोळी चुकली नाही, याचा मला फार अभिमान आहे.

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं ताट वेगळं केलं. "येगळाच ठेव गो, तुका पोर व्हया मा?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कावीळ म्हणजे माळ आणि दुधातून घ्यायचं झाडपाल्याचं औषध एवढंच ठाऊक. झाडपाला डॉक्टरांनी बंद करायला लावला. मी त्याचं दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर वेगळ्या डब्यात ठेवलं, कारण रक्त लागतं ते तिथे. आणि त्याच्या ताटात, त्याच्यासोबत, सासूबाईंसमोर बसून बांगड्याचं तिखलं-भात जेवले. त्या काही बोलल्या नाहीत. वेगळं ताट नंतर कधीतरी मांडणीवर परत आलं.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी झाली, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू आहे का ते बघणारी. विषाणू सापडला नाही, म्हणजे आजार बरा झाला. पण एक गोष्ट आधी कुणीतरी सांगायला हवी होती. अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची साधी चाचणी त्यानंतरही पॉझिटिव्हच येत राहते, बहुधा आयुष्यभर. वंध्यत्वाच्या दवाखान्यात नेमकी तीच केली, आणि काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "यांना हिपॅटायटिस आहे ना?" माझा नवरा समुद्राला न घाबरणारा माणूस, तिथे मान खाली घालून उभा राहिला. मला इतका राग आला की मी आरएनएचा रिपोर्ट काढून तिला ओळ न् ओळ वाचून दाखवली. आता तो रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर असतो.

दिवस अजून राहिलेले नाहीत. मी फॉलिक अ‍ॅसिड घेते, त्याची वीर्यतपासणी ठीक आली आहे. आता खरी अडचण साधी आहे. गर्भ राहण्याचे माझे नेमके दिवस येतात तेव्हा बोट खोल पाण्यात असते. १ जूनला मासेमारीबंदी लागली की ३१ जुलैपर्यंत तो घरीच असेल. डॉक्टर म्हणाल्या, तेवढे दोन महिने बघू, नाहीतर ऑगस्टमध्ये माझ्या गर्भनलिकांची तपासणी करू.