कास पठारावर चित्रवहीसह

आज कास पठारावर ‘सीतेची आसवे’ या इवल्याशा फुलाचे चित्र काढत बसले होते. निळसर जांभळ्या पाकळीवरचा पांढरा डाग जलरंगात उतरवणे फार अवघड, कारण तो रंगवायचा नसून कागदच कोरा राखायचा असतो.

जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत नत्र अगदी कमी असल्यामुळे ही वनस्पती मातीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव ओढून घेऊन आपली गरज भागवते. त्या पिशव्या पाहण्यासाठी रोप उपटणे मला मान्य नाही; पिशव्या मी वनस्पतिसंग्रहात वाळवून जपलेल्या नमुन्यावरून रेखाटेन. शास्त्रीय चित्रात वनस्पती कोऱ्या कागदावर एकटीच दाखवण्याची रीत आहे. मी मात्र शेजारची पांढऱ्या गोंड्यासारखी गेंदाची फुले, साचलेले पाणी आणि उघडा कातळही काढला, कारण हे फूल त्यांच्यामुळेच तिथे आहे.