वाचून कसली प्रार्थना?

आमच्या घरात परंपरा म्हणजे दुसऱ्यांची खोड, असाच समज होता. फादरांची मंडळी, म्हणजे कॅथलिक, राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावतात, ती परंपरा. आपलं तसं काही नाही, आपण फक्त पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल मानतो. जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या मंडळीतल्या घरांतलं हे बाळकडू. १८३१ साली नगरला आलेल्या त्या मिशनऱ्यांचा पंथच तसा होता : छापील प्रार्थनेचं बंधन नाही आणि बिशप तर नाहीच.

मग १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या (चर्च) एक होऊन आपली सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. मी तेव्हा शाळेत होतो. अँग्लिकनांकडून बिशप आले आणि हळूहळू पाळकांचा (पाद्रींचा) झगा आणि छापील उपासनाही आली. ते पुस्तक पहिल्यांदा हातात पडलं, त्या रविवारी वडील घरी येईपर्यंत धुसफुसत होते. "वाचून कसली प्रार्थना? मनातून आली पाहिजे!" गंमत अशी, की वडिलांची मनातून येणारी प्रार्थना आम्हा भावंडांना तोंडपाठ होती. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, गेल्या रात्री तू आम्हांला तुझ्या पंखांच्या छायेखाली सांभाळलंस" इथून सुरुवात. मग आजारी, मग प्रवासी, मग सरकारी अधिकारी, आणि 'आमेन'च्या आधी एक खोकला. धाकटी बहीण तो आधीच खोकून दाखवी आणि धपाटा खाई.

शाळेत पवित्र शास्त्राच्या तासाला मी वडिलांचीच बाजू ऐटीत मांडली : परंपरा नको, फक्त शास्त्र. सरांनी खडू खाली ठेवला. "बायबलच्या नव्या करारात सत्तावीस पुस्तकं आहेत, हे त्यातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय रे?" वर्ग चिडीचूप. मग त्यांनी सांगितलं, की नेमकी हीच सत्तावीस नावं आपल्याला पहिल्यांदा सापडतात ती आलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने इ.स. ३६७ मध्ये लिहिलेल्या पत्रात. त्याआधी त्यातल्या प्रकटीकरणाबद्दल, इब्री पत्राबद्दल मंडळ्यांमध्ये वाद होते. उपासनेत पिढ्यान्‌पिढ्या जे वाचलं गेलं, ते टिकलं. म्हणजे ज्या शास्त्राच्या जोरावर आम्ही परंपरेला हसायचो, त्याची अनुक्रमणिकाच मंडळीने हातोहात पोचवलेली.

एका हुशार मुलीने लगेच मार्कचा सातवा अध्याय काढला. येशू परूश्यांना, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना, परंपरेवरून झापतो तो. सर म्हणाले, "झापतो कशासाठी, ते वाच." आईबापाच्या वाट्याचं देवाला वाहिलं, असं म्हणून त्यांना उपाशी ठेवायची सोय लोकांनी करून घेतली होती, त्यासाठी. "आणि प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात सांगतो, मिळालेल्या परंपरा धरून ठेवा. मग प्रथा कुठलीही असो, तिच्यापायी कुणाच्या तोंडचा घास जातोय का, एवढं आधी बघा." माझ्या मते आख्ख्या शाळेत शिकलेला हा सर्वांत उपयोगी धडा. मंडळीच्या सभांमध्ये मी तो अजून वापरतो. लोकांना आवडत नाही.

सर कीर्तनही करत. खांद्यावर उपरणं, मागे दोन टाळकरी, मृदंगावर शाळेचाच शिपाई. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं, की उपाशी पोराला डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटतात तिथे ते हमखास थांबत आणि "आता काय करील बिचारा?" असं पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना विचारत. दरवर्षी विचारत, आणि दरवर्षी कुणीतरी मनापासून उत्तर देई. नगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तन १८६०च्या दशकापासूनचं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी त्यात जीव ओतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. तेव्हा हे वळण आपल्यातल्याही काहींना रुचलं नव्हतं, म्हणे. आज तेच अभंग आपली जुनी ठेव, आणि तरुणांना कीबोर्ड-ड्रम हवेत म्हणून ज्येष्ठांची धुसफूस चालू.

आपल्या अमृतमहोत्सवाच्या भक्तीत (उपासनेत) गिटार वाजू दे, माझी हरकत नाही. एक अभंग मात्र टाळ-मृदंगावर व्हावा, अशी विनंती मी समितीला केली आहे. टाळ शाळेच्या कपाटात आहेत. मृदंग वाजवणारा मिळत नाहीये. कुणाच्या ओळखीत असेल तर कार्यालयात कळवावं.