गिरणेच्या गारगोटीतून पातं काढताना

चाळीसगावजवळच्या पाटणे गावी १९७२-७३ साली एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथं मिळालेल्या शहामृगाच्या अंड्याच्या नक्षीदार कवचाबद्दल, ते सुमारे २५ हजार वर्षं जुनं म्हणून, सगळेच बोलतात. मला ओढ लागली ती दगडी पात्यांची. समांतर कडांची अशी अरुंद पाती हातानं निघतात तरी कशी, हे करून बघायचं होतं.

दगड गिरणेच्या पात्रातच मिळाला. आपल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी, म्हणजे गारेचाच एक अगदी बारीक कणांचा प्रकार, तयार होते. खडक झिजला की तिच्या गारगोट्या नदीत येतात. पण निवड अवघड. जात्याला टाकी लावणारे ओळखीचे एक बाबा आहेत, त्यांना पिशवी दाखवली. त्यांनी एकेक दगड दुसऱ्यावर हलकेच वाजवला आणि म्हणाले, "भाऊ, आधी दगडना आवाज आयक." खणखणीत वाजला तो ठेवायचा, बद्द वाजला तो टाकायचा, आत चीर असते. पिशवीतले निम्म्याहून जास्त दगड तिथंच गेले.

पुढचं सगळं कोनावर आहे. गारगोटीचं टोक उडवून सपाट माथा करायचा. माथा आणि बाजू यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी हवा, आणि घाव माथ्याच्या अगदी कडेला बसायला हवा. तसा बसला की छिलका निघतो. त्याच्या आतल्या बाजूला घावाच्या जागी फुगवटा आणि शिंपल्यासारख्या लाटा दिसतात. कोन काटकोनापलीकडे गेला की कितीही जोर लावा, माथा नुसता चिरडतो.

समांतर पात्यासाठी आधी उभी धार घडवावी लागते. ताम्रपाषाणयुगातले कारागीर हेच करत: गाभ्याच्या, म्हणजे ज्यातून पाती काढायची त्या दगडाच्या, एका बाजूला आळीपाळीनं दोन्हीकडून छिलके काढून नागमोडी कणा बनवायचा, मग माथ्यावरून दाब द्यायचा. पहिलं पातं तो कणा घेऊन निघतं आणि मागे दोन सरळ कडा सोडतं. पुढची पाती त्या कडांच्या आधारानं उतरतात. म्हणजे पात्याची लांबी-रुंदी गाभा घडवतानाच ठरून जाते. मला या कामातलं सर्वांत मोठं कसब इथंच वाटतं. दाबासाठी मी बाभळीच्या मुठीत जाड तांब्याची तार बसवली.

पहिलं नीट पातं निघालं ते करंगळीएवढं. त्यानं केळीचं ओलं सोपट एका ओढीत चिरलं. अशीच पाती लाकडी खाचेत ओळीनं बसवून त्या काळी विळे करत.

करणाऱ्यांनी चष्मा आणि जाड हातमोजे घालावेतच. काम उघड्यावर, तोंडाला मास्क लावून करावं. सिलिकाची धूळ फुप्फुसात साचते आणि तो आजार बरा होत नाही. आणि कृपा करून कचरा नदीकाठी टाकू नका. गिरणेकाठी बहाळ, तापीकाठी प्रकाशा, अशी जुनी वसतिस्थानं आहेत; आपले ताजे छिलके तिथल्या मातीत मिसळले तर उद्याच्या अभ्यासकाची दिशाभूल होईल. मी ते डब्यात भरून वर साल लिहून ठेवतो. तिथं पडलेली जुनी पातीही उचलत नाही.