विरघळणारा वायू नाकात अडतो, कण त्याला आत नेतात
सल्फर डायऑक्साइड हा कोळशाच्या धुरातला वायू पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून नाकाने श्वास घेतला की त्याचा बहुतेक भाग नाकातल्या ओल्या अस्तरातच अडतो. हवेत काजळी असली की मात्र हिशेब बदलतो. ओलसर कणांवर त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण ते वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, पोचवतात. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यात दोन्ही एकत्र होते. तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० माणसं गेली.

स्प्रे पेंटिंग करणाऱ्यांनो, तुमच्याही हवेत वाफ आणि रंगाचे बारीक थेंब एकत्र असतात. कण अडवणारा एन९५ मास्क वाफ अडवत नाही आणि मास्कला लावायचं नुसतं कोळशाचं कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) रंगाचे थेंब अडवत नाही. कार्ट्रिजच्या बाहेरच्या बाजूला कणांचा फिल्टर हवाच. हार्डनरवाल्या (रंग कडक करणारं रसायन मिसळलेल्या) रंगातलं आयसोसायनेट हे घातक रसायन तर धोक्याच्या पातळीलाही वासाने कळत नाही; तिथे बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच वापरा.