जोड कळता कामा नये

जळगाव, वैशाख. रात्री साडेबारा.

व्हिडिओ गेमसाठी गाणं रेकॉर्ड करायचं आहे, पण दिवसा रेकॉर्डिंगचं नाव काढायला नको. कूलर चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये उतरते, बंद केला तर गायक दहा मिनिटांत घामाघूम. म्हणून कूलर बंद आणि काम रात्रीचं. भिंतीला कापसाच्या दोन गाद्या उभ्या केल्या, गायकाच्या पाठीमागे गोधडी टांगली. खोलीचा घुमारा बराच मरतो. कापसाच्या मुलखात फोमवर पैसे कशाला घालायचे?

गेममधल्या या गाण्याला शेवट नाही. खेळणारा आठवडी बाजारात अर्धा तास रेंगाळला तर गाणंही तेवढा वेळ फिरत राहणार: शेवट आला की पुन्हा सुरुवात, आणि तो जोड कळता कामा नये. लय ९६, म्हणजे मिनिटाला ९६ ठोके; चार ठोक्यांचा एक बार, असे १६ बार, म्हणजे ६४ ठोके, बरोबर ४० सेकंद. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं (सँपल) धरून, १९,२०,००० सँपल. आकडा पुरा आला की एकावर एक वाजणारे वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे ८ बारचा थर आणि १६ बारचा थर, कितीही फिरले तरी एकमेकांपासून सरकत नाहीत.

पहिल्या खेपेला फाइल चाळिसाव्या सेकंदाला सरळ कापली. पेटीच्या शेवटच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तुटली आणि जोडावर ‘खट्’ वाजलं. उपाय सोपा आहे: तेच १६ बार लागोपाठ दोनदा वाजवून फाइल काढायची आणि दुसरे ४० सेकंद ठेवायचे. पहिल्या फेरीची आस दुसरीच्या सुरुवातीवर आपोआप पडते. एमपी३ मात्र नको. ती बनताना सुरुवातीला बारीकशी शांतता भरली जाते आणि जोड उघडा पडतो. वेव्ह किंवा ओजीजी प्रकारची फाइल द्यावी.

पेटी, ढोलकी आणि आवाज असे तीन थर वेगवेगळे घेतले, कारण गर्दी वाढेल तशी गेम एकेक थर वर आणते. इथेच सूर जपावा लागतो. संध्याकाळी तापलेल्या खोलीत चढलेली ढोलकी मध्यरात्रीपर्यंत उतरते. पेटीचा सूर ऐन वेळी बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक टेकआधी ढोलकीच तिला लावून घ्यायची. पेटी ट्यूनरवर ८ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी निघाली, तर सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, तोही तेवढाच चढवला.

शब्द अहिराणी. डोळ्याचा ‘डोया’, केळीची ‘केयी’. गायक माइकसमोर जपून गायला लागला की ‘ळ’ हळूच परत येतो. एरवी कानाआड झाला असता. इथे दर ४० सेकंदांनी तोच ‘ळ’ टोचणार. तिसऱ्या टेकमध्ये एकदा आलाच आहे. ती ओळ उद्या पुन्हा, आधी ढोलकी लावून.