तंबोरा लेस्टरला अडकला तो दिवस

मी मिरजेत सतारमेकर गल्लीत एका दुकानात बिलं, कुरिअर, मेल असलं सगळं बघतो. मागच्या हिवाळ्यात दुपारी अडीचला फोन आला, तिकडं इंग्लंडात लेस्टरला सकाळचे नऊ. आमच्याकडनं तंबोरा मागवलेल्या ताई चिडलेल्या. "तुम्ही सगळं धरून ऐंशी हजार म्हणाला होतात ना? मग कुरिअरवाले आधी पैसे भरा म्हणून मेसेज का पाठवतायत?"

मी बुकिंग उघडलं आणि पोटात गोळाच आला. ड्युटी-टॅक्स कोण भरणार या रकान्यात 'रिसीव्हर' तसंच राहिलेलं, म्हणजे माल डीएपीनं गेलेला, दारापर्यंत आमचं पण कस्टमचं घेणाऱ्याचं, आणि आम्ही शब्द दिलेला डीडीपीचा, सगळं आमच्या डोक्यावर. चूक माझीच, सांगलीला डबे भरायची घाई होती त्या दिवशी.

ड्युटीचं सोडा, खरा दणका व्हॅटचा, म्हणजे तिकडच्या विक्रीकराचा. तिकडं २० टक्के, आणि तो नुसत्या तंबोऱ्यावर नाही तर भाड्यासकट लागतो. तंबोरा ६२ हजार, भाडं १८, म्हणजे व्हॅटच १६ हजार, वर कुरिअरवाले आधी भरतात म्हणून त्यांची फी वेगळी. तिथं रजिस्टर असलेला धंदेवाला हा व्हॅट परत मागू शकतो, आपण मिरजेत बसून काय मागणार, गेला तो गेलाच.

बाजूचा एकजण म्हणाला पुढच्या वेळी इनव्हॉइसला निम्मी किंमत लाव की. आमचे मालक अण्णा त्याच्यावर असले भडकले! खोटं तर खोटंच, वर भोपळा वाटेत फुटला तर विमापण निम्म्याचाच मिळणार.

ताईंनी नाही घेतला तर परतीचं भाडंपण आमच्याच माथी. अण्णांनी दोन मिनिटं जवारीची, म्हणजे सूर खुलवायला घोडी घासायची, कानस खाली ठेवली, म्हणाले, "सगळं धरून म्हणालोय ना आपण, मग भर." मी कुरिअरला मेल टाकला, ड्युटी-टॅक्स शिपरच्या, म्हणजे माल पाठवणाऱ्या आमच्या, खात्यावर टाका, त्यांनी लेटरहेडवर सहीशिक्का मागितला, तो दिला, तिसऱ्या दिवशी माल पोचला. त्या तंबोऱ्यात नफा उरला नाहीच, थोडं खिशातनंच गेलं. माझ्या पगारातनं कापले नाहीत, पण अजून टोमणे चालू आहेत.

कालच जर्मनीहून सतारीची चौकशी आली, सगळं धरून सांगा म्हणे. यावेळी तिकडचा १९ टक्के व्हॅट आधीच भाड्यासकट काढून भाव कळवला. अजून उत्तर नाही.