पिवळी वायर

मी गॅरेजची शटरं बसवतो, दुरुस्तही करतो. शटरचा फोन आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो. गाडी अजून शटरखाली आहे का? चूक कुणाची, खर्च किती, आज होईल का, हे सगळं लोक आपणहून बोलतात. गाडी कुठे आहे ते मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

"आहे ना," नेरूळचे काका म्हणाले. "ढुंगण बाहेर, बाकी आत. सूनबाईंनी ठोकली."

"बटण दाबलंत?"

"दोन-तीनदा. वर-खाली दोन्ही करून बघितलं. नुसता आवाज येतोय."

"आता कुणी काही दाबू नका. मोटरचा मेन बंद करा. रिमोट पोरांच्या हातात देऊ नका. गाडी सुरू करायची नाही. हलवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. निघालोच."

निघालोच म्हणजे वागळे इस्टेटमधून, जुलै महिन्यात. विटाव्याच्या पुलाखाली पाणी होतं, त्यामुळे कळव्यात पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात काकांचे चार फोन आले. चौथ्यात कुणीतरी शेजारी मागून सांगत होता, "अहो, गाडी जोरात बाहेर काढा, शटर आपोआप सुटेल." असले शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. आमचा निम्मा धंदा त्यांच्यावर चालतो.

बटण का दाबायचं नाही, ते सांगतो. शटरची मोटर आंधळी असते. शटर ज्यावर गुंडाळतं तो पाइप किती फिरला एवढंच तिला थांबवणाऱ्या लिमिट स्विचला कळतं, पट्ट्या सरकल्या की नाही ते कळत नाही. शटर गाडीवर अडकलेलं असताना 'खाली' दाबलं, तर पाइप फिरतच राहतो, पट्ट्या जागच्या हलत नाहीत आणि वरच्या डब्यात सैल वेटोळं साठत जातं. मग कुणी शहाणा गाडी काढतो आणि ते सगळं वेटोळं एका दमात खाली येतं. नऊ फूट रुंद, आठ फूट उंच, 18 गेजचा पत्रा. 80 किलोच्या आसपास वजन धरा. खाली मूल असलं तर काय होईल ते लिहीत नाही. ज्यांच्याकडे परदेशी पद्धतीचा, फळ्याफळ्यांचा वर सरकणारा दरवाजा आहे, त्यांनी तर डोक्यावरच्या स्प्रिंगला पान्हा लावायचाच नाही. ती स्प्रिंग पूर्ण दरवाजाचं वजन पीळ घालून धरून बसलेली असते. आणि दरवाजा वर अडकलेला असताना त्याला मोटरपासून सोडवणारी लाल दोरी ओढायची नाही, कारण स्प्रिंग तुटलेली असेल तर दरवाजा सरळ डोक्यावर येतो.

पोहोचलो तेव्हा पावसाची भुरभुर चालू होती. सिडकोच्या रो हाउसची गल्ली, छत्र्या घेऊन दहा-बारा माणसं. शटरची खालची अँगल पट्टी गाडीच्या मागच्या काचेवर टेकलेली, आणि काचेच्या वरच्या स्पॉयलरने पट्ट्यांना बाहेरच्या अंगाला हे एवढं पोट काढलेलं. डावा गाईड, म्हणजे पट्ट्या ज्यातून सरकतात ती बाजूची पन्हळ, भिंतीतून उपटून आलेला, दोन फास्टनर सिमेंटच्या ढेकळासकट लोंबत होते.

काकांचं म्हणणं होतं, शटर पूर्ण वर जायच्या आत सुनेने गाडी मागे घेतली. "धीर नाही. आजकालच्या मुलींना धीरच नाही." हे त्यांनी मला सांगितलं, माझ्या हेल्परला सांगितलं, आणि इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. सूनबाई दारात उभ्या होत्या, ऑफिसच्या कपड्यांत, खांद्यावर बॅग तशीच. त्या एकदाच बोलल्या, "स्कूल बस आली म्हणून मी थांबले होते. ते वरून आलं." कुणी मान वर करून बघितलंही नाही.

मी बघितलं, पण त्यांच्याकडे नाही, काचेकडे. खालच्या अँगलला काळं रबर असतं. त्या रबराचा फरांटा स्पॉयलरच्या कडेपासून काचेवर खाली वीतभर आला होता, वर दाट, खाली विरळ होत गेलेला. वर जाणाऱ्या शटरला गाडी लागली असती तर फरांटा खालून सुरू झाला असता. शटर उतरत होतं. गाडी उभी होती आणि शटर तिच्यावर येऊन बसलं. मग बाई घाबरल्या आणि रिव्हर्समध्ये पाय दाबला गेला, एवढं खरं. पण ते नंतर.

हे मला उभ्याउभ्या कळलं. तेव्हा बोललो नाही. आधी गाडी सोडवायची होती, असं मी स्वतःला सांगितलं.

अँगलच्या दोन्ही टोकांना सेंटरिंगचे लोखंडी टेकू दिले, काचेवर गोधडी टाकली. मोटरच्या हातसाखळीने वरचं सैल वेटोळं एकेक कडी ओढत गुंडाळून घेतलं. यात घाई केली की पट्टी डब्यात आडवी पडते आणि मग सगळंच उतरवावं लागतं. टेकूंनी वजन पूर्ण घेतल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आत ढकलायला सांगितली. गल्लीत एकच गलका, "आत काय? बाहेर घ्या!" पोट बाहेरच्या अंगाला होतं. गाडी बाहेर घेतली असती तर उजवा गाईडही गेला असता. आत ढकलली, स्पॉयलर सुटला, शटर टेकूंवर शांत बसलं. काच वाचली. स्पॉयलर तडकला होता, टेलगेटला दोन पोचे.

मग विम्याचं व्याख्यान. शेजारी म्हणाला, थर्ड पार्टीत टाका, साडेसात लाखांपर्यंत मिळतात. आकडा बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी. स्वतःच्या गाडीने स्वतःचं शटर मोडलं तर थर्ड पार्टीत दमडी मिळत नाही. गाडी काकांच्या नावावर, घर काकांच्या नावावर. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात बसतो, पण आधी कंपनीला कळवायचं, सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजला हात लावू द्यायचा नाही. आणि एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियममधली सूट, शून्य. काकांचा 50 टक्क्यांवर पोहोचला होता. मी म्हटलं, आधी पोचे आणि स्पॉयलरचा खर्च विचारा, प्रीमियमशी ताडून बघा, मग ठरवा. इतका बोनस कमावलेली बरीच माणसं खिशातूनच करतात.

बत्तीसपैकी अकरा पट्ट्या गेल्या होत्या. पट्टी बदलणं लोकांना सोपं वाटतं. एकीच्या कुशीत दुसरी अडकवलेली असते, त्यामुळे बिघडलेली आडवी सरकवून काढावी लागते. म्हणजे बाजूला नऊ फूट मोकळी जागा हवी. रो हाउसला बाजूला शेजाऱ्याची भिंत. मग अख्खं शटर पाइपवरून उतरवून, रस्त्यावर पसरून, पावसात, ये-जा करणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या शिव्या खात काम. पट्टी 75 मिलिमीटरची असली तरी प्रत्येकाच्या मशीनचा रोल वेगळा, दुसऱ्याची पट्टी माझ्या पट्टीत नीट बसत नाही. ही माझीच होती. शटर मीच दिलेलं, तीन वर्षांपूर्वी.

संध्याकाळी शटर चढवून झालं, मोटर तपासायला कंट्रोल बॉक्स उघडला.

आतल्या सर्किटच्या कार्डावर फोटोसेलच्या दोन टर्मिनलमध्ये वीतभर पिवळी वायर जोडलेली होती. टोकांना डबल वळसा. असा वळसा मी घालतो.

फोटोसेल म्हणजे दोन्ही गाईडजवळ, गुडघ्याखाली लावलेले डोळे. मधल्या किरणात काही आलं की उतरणारं शटर थांबून परत वर जातं. त्या दोन टर्मिनलला वायरचा लूप मारला की कार्डाला कायम वाटतं, वाट मोकळी आहे. आधीच्या पावसाळ्यात काकांचे रोज फोन यायचे, शटर खाली येतं आणि परत वर जातं. खाडीची दमट हवा, डोळ्यांच्या काचेवर बाष्प, आत मुंग्या. दोनदा जाऊन साफ करून आलो. तिसऱ्यांदा काका चिडले, म्हणाले, ते सेन्सरचं नाटकच काढून टाक. मला त्या दिवशी घोडबंदरला एक काम होतं. पाच मिनिटांत लूप मारला आणि निघालो.

तेवढ्यानेही काही झालं नसतं. पण काकांना ऑटो-क्लोजही हवं होतं, शटर उघडल्यावर 30 सेकंदांनी आपोआप बंद. घरातले उघडं टाकून जातात म्हणून. तेही मीच लावून दिलेलं. ऑटो-क्लोज चालू आणि डोळे बंद, ही जोडी कधी करायची नाही, हे मी स्वतः तीन पोरांना शिकवलंय.

लूप काढला, खिशात टाकला. नवे डोळे लावले, ऑटो-क्लोज बंद केलं. काकांना म्हणालो, "सेन्सर बंद होता. गाडी उभी असताना शटर खाली आलंय. ताईंची चूक नाही." काका म्हणाले, "असेल. पण बघून चालवायला नको का?"

सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दादा, सेन्सर बंद कसा पडला?"

मी म्हणालो, "पावसाने."

बिलात सेन्सर लावला नाही, मजुरीही अर्धी लावली. काकांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही, त्यांना ते आपण घासाघीस केल्याचं यश वाटलं.

महिन्याने, गणपतीच्या आधी, त्यांचा फोन. "अरे, शटर परत वर जायला लागलंय. ते मागच्या वेळेला काय वायर जोडलीस ना, तसंच करून दे."

मी फोन धरून उभा राहिलो. म्हणजे वायर त्यांच्या लक्षात होती. त्या दिवशी गल्लीत बोलतानाही लक्षात होती का, की आत्ता आठवली, ते मला विचारता आलं नाही. विचारायला मी कोण, हेही होतंच.

वायर जोडणार नाही, असं सांगितलं. दुपारी जाऊन फडक्याने डोळे पुसून आलो, पैसे घेतले नाहीत. गॅरेजमध्ये दोन सायकली आणि गणपतीचं मखर ठेवलेलं होतं. गाडी बाहेर रस्त्यावर, पावसात उभी होती.